पिंजरा झरीला जाणार न्हाई

सुकेशनी,

तुझ्या लव्हबर्डसाठी बाजरी भरडून, उकडलेलं अंडं कुस्करून बारक्या वड्या केल्यात. मीठ-गूळ काईच घातलं न्हाई. पिवळ्यानं माझ्या हातावर बसून एक खाल्ली बी. उरलेल्या फ्रीजमधी हायत.

तुला न विचारता झरीच्या वन्संना पिंजरा देते म्हणाले, ते माझं चुकलंच. काल तू "द्या की, घर तुमचंच हाय" म्हणालीस अन् न जेवता उठलीस, ते लय लागलं मला.

आता एसटीनं झरीला चालले. वन्संना तोंडावर सांगते, पक्षी माझ्या सुनेचे हायत, ते द्यायचा हक्क मला न्हाई. रुसल्या तर रुसू देत.

भाकरी टोपल्यात हाय. आज जेवल्याबिगर शाळेवर जायचं न्हाई.

— आत्याबाई