प्रितम नको म्हणाला

ईडन प्रेरी, २ मार्च २०२५

चि. पंडित यास ताईचा जय भीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कानातलं मशीन अजून शिट्टी वाजवतं म्हणतोस, म्हणजे फोनचं काही खरं नाही. मग पत्रच बरं. माझं अक्षर सातवीचं आहे, हसू नको आणि मैत्रीला दाखवू नको. तुझी लेक चुका काढते.

प्रितमच्या पोटातली गाठ कमी झाली नाही. डॉक्टरबाईने समोर बसवून सांगितलं की आता केमो बंद, त्रास होऊ नये एवढंच बघायचं. मला इंग्रजी कळत नाही पण बाईचं तोंड कळलं. प्रितमने मला मराठीत अर्धंच सांगितलं. मीही पुढचं विचारलं नाही. विचारून गाठ थोडीच विरघळते.

तू विचारलंस धाकटा अनुप कसल्या गडबडीत असतो. त्या ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉलच्या. प्रितम मेलबर्नला शिकायला गेला होता, तिथून हे खूळ घेऊन आला. लांबट बॉल, गोल नाही. मैदान पण अंड्यासारखं. अठरा माणसं धावतात, हाताने मारतात, पायाने मारतात, आणि चार खांबांमधून बॉल गेला की नाचतात. दोघा भावांनी मिळून टीम काढली. नाव ठेवलं हेरन्स, म्हणजे आपला बगळा. दुसरा पक्षी भेटला नाही. गावात अशा चार टीम आहेत, उन्हाळ्यात एकमेकींशी खेळतात.

गेल्या साली प्रितम आजारी पडला आणि बगळे सगळ्या मॅच हरले. आता कप्तान अनुप. म्हणतो, टीम मुळापासून नवीन बांधायची. दोन वयस्कर गडी दुसऱ्या टीमला देऊन एक जवान घेतला, त्याला ट्रेड म्हणतात. बाकीचे नवे येणार ड्राफ्टमधून. चारही कप्तान एका हॉटेलच्या मागच्या खोलीत बसतात आणि पाळीपाळीने एकेकाचं नाव पुकारतात. जी टीम शेवटची आली तिला पहिली पाळी. हरणाऱ्यावर दया, दुसरं काय.

लिस्टमध्ये जागा मोजक्या. रविवारी जेवताना प्रितम स्वतःच अनुपला म्हणाला, माझं नाव काढ, मला नको आता, तेवढ्यात एखादा पळणारा येईल. अनुप म्हणाला, नक्की का दादा? तो म्हणाला, नक्की. अनुपने काढलं. चांगलं झालं. उगाच रडारड नाही. मला दोन्ही पोरं अशीच आवडतात, सरळ.

लोभ आहेच, तो वाढला तरी चालेल.
तुझी ताई
अंजना

हर्नडन, ९ मार्च २०२५

ती. ताईस पंडितचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं अक्षर मी मैत्रीला दाखवलं. तिने चुका काढल्या नाहीत. डॉक्टरबाईच्या तोंडाची ओळ वाचली आणि उठून आत गेली.

ताई, तुला राग येईल पण लिहितो. प्रितम नको म्हणाला आणि तुम्ही मायलेकांनी ऐकून घेतलं? तो नागपूरला माझ्याकडे सुटीत राहायचा तेव्हाचं मला आठवतं. गुलगुले तळले की पहिल्यांदा नको म्हणायचा. दुसऱ्यांदाही नको. मग तुझी भावजय काही न बोलता ताटात टाकायची आणि हा पठ्ठ्या सहा खायचा. तुझ्या घरी हे चाललंच नाही. नको म्हटलं की तू डबा बंद करायचीस. अनुप तुझ्यावर गेलाय, त्यात त्याचा दोष नाही.

ती टीम त्या पोराने काढली. लग्न टिकलं नाही, पोरंबाळं नाहीत, जे काय होतं ते ते बगळेच. आता तिथलं नाव पण त्याने स्वतःच्या तोंडाने काढायला सांगितलं. त्याला वाटलं असेल अनुप म्हणेल, गप बस दादा, तुझं नाव कोण काढतो.

मैत्रीने कॉम्प्युटरवर बघितलं. काढलेला गडी ड्राफ्टमध्ये परत पुकारता येतो म्हणे. अनुपला सांग, पहिल्या पाळीला हवा तो गडी घे, पण शेवटी भावाचं नाव पुकार. त्याला विचारू नको. ताई, अशा वेळी विचारायचं नसतं, ताटात वाढायचं असतं.

तुझी तब्येत सांभाळ. रागावलीस तरी चालेल, उत्तर मात्र दे.
तुझा
पंडित

ईडन प्रेरी, २४ मार्च २०२५

चि. पंडित यास आशीर्वाद. जय भीम.

राग आलाच. दोन दिवस तुझं पत्र फ्रिजवर पडून होतं. मग अनुपला सांगितलं, मामा असं असं म्हणतो. अनुपने लगेच प्रितमला गाठलं. सरळ विचारलं, दादा, तुझं नाव पुकारू का, हो की नाही सांग. प्रितम हसून म्हणाला, नाही रे बाबा, पाळी वाया घालवू नको. अनुप मला म्हणाला, आई, दादा स्वतः सांगतोय, त्याचा मान ठेवायला नको का? मला पटलं. आजारी माणसाला लोक आधीच लहान पोरासारखं वागवतात, म्हटलं याचं तरी ऐकावं.

काल तो ड्राफ्ट झाला. प्रितम म्हणाला, मी नुसता बघायला येतो. सकाळी दाढी केली. टीमचं जाकीट घातलं, ते आता खांद्यावरून घसरतं. बाहेर अजून बर्फ. मी सोबत गेले, नाहीतर त्याला धरायला कोण. हॉटेलात बिअरचा वास आणि सगळे बटाटे खात होते. मला एकाने चहा आणून दिला, पाण्यात बुडवलेली पुडी.

अनुपने पहिलं नाव पुकारलं, साडेसहा फुटी पोरगा आहे. बॉल वर उडवला की उडी मारून पकडायला तसा माणूस लागतो. प्रितमनेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मग पाळ्या होत गेल्या. नावं संपत आली. कप्तान आता पास म्हणायला लागले, म्हणजे आम्हाला कोणी नको. आणि प्रितम, पंडित, खुर्चीत पुढे सरकून बसला. शाळेत मास्तर हजेरी घेताना पोरं बसतात तसा.

अनुपची शेवटची पाळी आली. त्याने भावाकडे पाहिलं. याने मान हलवली, नको. हसत हलवली. अनुप पास म्हणाला.

त्याच्यानंतर देवांग होता. दुसऱ्या टीमचा कप्तान, गुजराती पोरगा, घरी येतो, मला आंटी म्हणतो. तो उठला आणि प्रितमचं नाव घ्यायला लागला. अर्धंच झालं. अनुपने हात वर केला, म्हणाला, त्याला नकोय, त्याने सांगितलंय. चांगल्या मनाने म्हणाला रे. देवांगने प्रितमकडे पाहिलं. प्रितम म्हणाला, थँक्स यार, खरंच नको. देवांग खाली बसला. ड्राफ्ट संपला.

प्रितम मागे टेकून बसला तेव्हा मला कळलं. तुझ्या पत्राने कळलं नव्हतं.

गाडीत अनुप खुशीत होता. प्रितम त्याला सांगत होता की उंच पोरगा डाव्या पायाने कच्चा आहे, त्याच्याकडून घोटून घे. घरी येऊन जाकीट काढलं आणि झोपला. मी म्हटलं, जेवतोस? नको म्हणाला. मी ताट झाकून ठेवायला गेले आणि ओट्याशीच उभी राहिले. मग वरणभात कालवून त्याच्या खोलीत नेला, घास तोंडाशी धरला. चार घास खाल्ले. एकदाही नको म्हणाला नाही.

अनुपला अजून काही बोलले नाही. कसं बोलू ते लिही.
तुझी ताई
अंजना

हर्नडन, ३० मार्च २०२५

ती. ताईस सविनय जय भीम.

अनुपला काही बोलू नको. फक्त सांग की दादाला प्रॅक्टिसला घेऊन जा, तो नाही म्हणाला तरी गाडीत बसव. बर्फ वितळला की लगेच.

मी येऊ का असं विचारत नाही. तिकीट काढलंय, अठरा एप्रिलला पोचतो. अंथरूण हॉलमध्ये घाल, मी घोरतो.

तोवर पोरांचंच नाही, तुझं स्वतःचंही जेवण नीट कर. बाकी भेटीत.
तुझा
पंडित

ईडन प्रेरी, १६ जून २०२५

चि. पंडित यास जय भीम आणि आशीर्वाद.

तू परत गेलास त्याला दीड महिना होत आला. तू आलास तो प्रितमला बघायला, आणि उतरलास ते थेट त्याच्या क्रियेला. जुन्या पत्रांचा विषय तू काढला नाहीस, बरं केलंस. इथला बर्फच यंदा हटला नाही वेळेवर. प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा प्रितम हॉस्पिटलात होता. अनुप गाडी घेऊन तयार होता, न्यायचं कोणाला?

बुद्धवंदनेला सगळे बगळे आले होते, ते तू पाहिलंस. देवांग मागे चपला लावत बसला होता, तेही पाहिलं असशील.

आता बगळे जिंकायला लागले. उंच पोरगा खरंच चांगला निघाला. डाव्या पायाने मारतो. लोक अनुपला म्हणतात, टीम काय बांधलीस. तो मॅच झाली की थेट माझ्याकडे येतो, बूट पण काढत नाही, आणि खुर्चीत बसून राहतो.

दर रविवारी एकच विचारतो. आधी आडून विचारायचा. काल सरळ विचारलं. मी भांडी घासत होते. म्हणाला, आई, दादाला खरंच नको होतं ना? की मी पुकारायला पाहिजे होतं? देवांगला मी अडवलं नसतं तर? मी मागे वळले नाही. म्हटलं, त्याला नकोच होतं रे. मला घरी येऊन म्हणाला, बरं झालं अनुपने माझं ऐकलं. असं म्हणाला का, त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, गाडीतून उतरल्यावर म्हणाला. मग तो जरा रडला आणि पोटभर जेवला. कितीतरी दिवसांनी भाकरी मागून घेतली.

प्रितम असं काही म्हणाला नव्हता. तुला माहीत आहे.

तू ऑगस्टात येशील तेव्हा तुलाही विचारेल. मामा म्हणून विचारणारच. तूही हेच सांग. तू मला काय काय लिहिलं होतंस ते तोंडातून निघू देऊ नको, थट्टेत पण नाही. आणि एकदाच सांग. तुला फुलवून सांगायची सवय आहे. जास्त बोललास तर त्याला कळेल.

मैत्रीला आशीर्वाद. मायेत काही उणं पडू देऊ नको.
तुझी ताई
अंजना