आबांच्या ट्रान्झिस्टरचे सेल

भायखळा,
ता. २० नोव्हेंबर १९६७

ती. सौ. मोतीवहिनीस पदूचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या आळीतल्या गजादादाबरोबर ट्रान्झिस्टर पाठवला आहे. दुकानात मोठा, चकचकीत होता, पण तो सेल फार खातो. घरासाठी म्हणून मुद्दाम हा लहान घेतला. जुन्या सेलांत नवे मिसळू नका, चुलीजवळ ठेवू नका. संपलेले सेल आबा कौलांवर वाळत घालतील, त्यांना सांगा की ते पापड नव्हेत.

दत्तजयंतीला संध्याकाळी आमच्या छापखान्याच्या मंडळाचं भजन रेडिओवर आहे. मीही गाणार. तिथे एकेकाचा आवाज तपासतात, तेवढंच बाकी आहे.

दादाला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

पदू

पोशीर,
ता. २९ नोव्हेंबर

चि. पदूभावजींस अनेक आशीर्वाद.

ट्रान्झिस्टर सुखरूप पोचला. आबांनी त्याला खोळ शिवून घेतली. बातम्या झाल्या की सेल काढून पेटीत ठेवतात. पदूच्या आवाजाला पुरले पाहिजेत, म्हणतात. साऱ्या आळीला आमंत्रण देऊन झालं.

आवाज तपासल्याचं काय झालं ते कळवलं नाहीत. मोठे गवई झालात, आता वहिनीला कशाला लिहाल! तरी आठवण असू द्या.

मोतीवहिनी

पोशीर,
ता. १७ डिसेंबर

चि. पदूभावजींस आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. काल ओटी माणसांनी भरली होती. आबांनी फेटा बांधला होता. तुमच्या मंडळाचं नाव सांगितलं आणि आवाज बारीक होत होत बंदच पडला. आबांनी सेल काढले, चोळले, पुन्हा घातले. माणसं एकेक करून उठली. जाताना सोमीकाकूंनी विचारलं, की पदू गाणार होता हे खरं ना. आबा मान खाली घालून बसून राहिले.

भावजी, आबा खळ्यावर गेले की दुपारी पेटीतले सेल घालून मी गाणी ऐकत असे. सेल मीच संपवले. आबांना सांगायला तोंड नाही. तुमचा आवाज माझ्यापायी गेला, याची फार लाज वाटते. जमलं तर चूक पदरात घ्या.

मोतीवहिनी

भायखळा,
ता. २१ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रडू नका. त्या भजनात मी नव्हतोच. आवाज फाटतो म्हणून मला एकट्याला वगळलं. बाकीचे आत गात होते, तेव्हा मी बाहेर त्यांच्या चपला राखत बसलो होतो. तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही.

सेल संपल्याचं वाचून आधी मला हायसं वाटलं. आबा तिकडे मान खाली घालून बसलेत आणि मला हायसं वाटतंय, याचीच आता जास्त शरम वाटते. हे त्यांना वाचून दाखवा. पौषात येईन, पण रात्रीच्या गाडीने. अंधारात घरी पोचलो की कोणाला तोंड दाखवायला नको.

अजून आपला म्हणत असाल तर आपलाच,
पदू

पोशीर,
ता. २७ डिसेंबर

चि. पदूभावजींस आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं, माझंही सांगितलं. मला वाटलं, रागावतील. गाणी तरी चांगली होती का, एवढंच त्यांनी विचारलं.

तुमचं ऐकून मात्र उठले. मग काठी घेऊन निघाले. ज्यांना आमंत्रण दिलं होतं त्यांच्या दारी जाऊन, पोराचा आवाज पास झाला नाय, असं स्वतः सांगून आले. परत आल्यावर चेहरा पडला होता. पाणीही न घेता मला लिहायला बसवलं.

म्हणाले, त्याला लिही, रातच्या गाडीनं यायचं नाय. सकालच्या गाडीनं नेरळला उतर, उजेडी ये, पारावरनं ये. मी तितंच बसलेला असन.

आम्हा सर्वांचा जीव तुमच्यात आहे, तो तसाच राहील.

मोतीवहिनी