ब्रेकवरचं तूप

रिंकीचे बाबा,

फटफटीची चावी शोधू नका. ती माझ्या पर्समध्ये आहे अन् मी ब्रेकचे पॅड आणायला बसनं आमगावला जाऊन राहिली. चिडायचं तर मी आल्यावर चिडा, एकट्यानं चिडण्यात मजा नाही.

काल दसऱ्याच्या पूजेत आईंनी समोरच्या ब्रेकच्या चकतीवर तुपात कुंकू कालवून स्वस्तिक काढलं. लाखभर किलोमीटर पळालेल्या तुमच्या लाडकीच्या अंगावर तेवढीच जागा चकचकीत दिसली त्यांना. सकाळी अंगणाच्या उतारावर लोटून पाहिली, तर समोरचा ब्रेक पूर्ण दाबूनही ती विहिरीच्या कठड्यालाच जाऊन टेकली. पॅड तूप पिऊन बसलेत. असे पॅड धुऊन भागत नाही, हे तुम्हीच शिकवलं मला.

तुम्ही म्हणाल, "मागचा ब्रेक आहे ना, कोहमाऱ्यापर्यंत नेतो." मागच्या साली तुम्ही असंच म्हणून निघाले होते. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही तुमचा.

आईंना पॅड झिजले एवढंच सांगा. तुम्ही पडल्यापासून गाडी फाटकात आल्याशिवाय त्या जेवत नाहीत. खरं कळलं, तर तुमच्या डोक्यावर हात ठेवायलाही भितील.

रविता