समुद्रगवताची किडकी पात

बाई, समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण समुद्राच्या तळाशी गवत उगवतं आणि त्या गवताच्या अंगात बिळं करून बारीक जीव राहतात, हे मी मॅट्रिकच्या वर्षी आपल्या औरंगाबादेत बसून पाहिलं, ते तुमच्यामुळं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. कोरा कागद यासाठी घ्यावासा वाटला नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, शाळेत उर्दू जाऊन मराठी आली आणि पाठोपाठ पुण्याकडून तुम्ही शास्त्र शिकवायला आलात. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊन ते गवत तुम्ही स्पिरिटच्या बाटलीत घालून आणलंत. मुली हसल्या, "बाई, हे तर म्हशीपुढं टाकायचं!" मी एक पात खिडकीशी धरली. घरी महादेवाचा बेल निवडायचं काम माझंच. पान उजेडाला धरायचं, किडीचं पांढरं चक्र दिसलं की बाजूला काढायचं. किडकं देवाला चालत नाही. त्याच सवयीनं पातीच्या पोटात मला तपकिरी रेघ दिसली. तुम्ही म्हणालात, "डाग असेल गं." मी म्हणाले, "डाग नाय बाई, वाट आहे." तुम्ही सुई दिलीत. मी पात उकलली तर आत खसखशीएवढा, पुष्कळ पायांचा जीव, आपल्याच बोगद्याच्या टोकाशी मेलेला. भिंगातून तुम्ही कितीतरी वेळ पाहत राहिलात. "हे गवत मी दोनदा चाळलं, मला दिसला नाही. तू कॉलेजात शास्त्रच घ्यायचंस. तुझ्या वडिलांशी मी बोलते." त्या शब्दावर मी मॅट्रिक झाले.

तुम्ही नानांशी बोलायला घरी आलात त्या दिवशी एकादशी. माझे वडील, आमचे नाना, माळकरी माणूस. औरंगपुऱ्यातलं दुकान तुमच्यासाठी लवकर बंद करून आलेले. मी चुलीपुढं शेंगदाण्याची आमटी ढवळत ऐकते आहे. नाना म्हणतात, "बाई, तुम्ही म्हणता तर धाडतो. लोक काय, बोलतेतच. पण शास्त्रात करावं काय लागतं?" तुम्ही म्हणता, "बेडूक चिरावे लागतात." मग तुम्हीच, कुणी विचारलेलं नसताना, "खरं सांगू का, तिचा हात देवाधर्माचा आहे. तिला नाही झेपायचं. संसारात नाव काढील." नाना सुटल्यासारखे हसले. "व्हय, व्हय. आमच्या घरात कांदा येत नाय, अन् बेडूक!"

आमटी खाली लागली. मी ताटं घेऊन आले तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. जळका वास घरभर पसरलेला, आणि तुम्ही म्हणालात, "आमटी झकास झालीय."

नाना नाही म्हणाले असते तर देवाची मर्जी म्हणून मी सोडून दिलं असतं. ते तर हो म्हणत होते, बाई. आणि माझ्या हाताला काय झेपतं हे जगात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. सुई तुम्हीच दिली होती. संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही, देवानं काही कमी केलं नाही. पण तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी बेल निवडत बसले होते आणि निवडतच राहिले. शेवटचं पाहायला आले नाही.

आता एक सांगते, ते तुम्हाला कधीच कळलं नाही. त्यानंतर दाखला न्यायला मी शाळेत आले, तेव्हा कपाटातल्या बाटलीतून ती उकललेली पात उचलली. तेवढ्यात तुम्ही आलात, बाटलीत ती पात नाही हे पाहिलंत आणि झाडणाऱ्या मावशींवर कडाडलात, "कचरा समजून फेकलीत ना?" मावशी रडत म्हणत होत्या, "देवाशप्पत बाई, म्या हात बी नाय लावला." तुमचा विश्वास बसला नाही. मी तिथंच उभी होते, मूठ आवळून. बोलले नाही.

पात माझ्या पोथीत आहे. किडकं देवाजवळ नको, हे मला कळतं. तरी रोज पोथी उघडली की आधी तीच उजेडाला धरते.