टाका नसलेलं ऑपरेशन

गुरुवार, संध्याकाळ

दौंडच्या दवाखान्यातून दुपारी मांडवगणला घरी आले. खोकलं की लघवी गळायची, म्हणून काही वर्षांपूर्वी आतून जाळीची पट्टी बसवून घेतली होती. तीच घासत घासत लघवीच्या नळीत शिरली. आग व्हायची, आणि मी भर थंडीत उन्हाळी लागली म्हणून सब्जा पीत बसले. वेडेपणाच. काल डॉक्टरांनी नळीतून दुर्बीण घालून लेसरने तेवढा तुकडा काढला. बाटलीत दिलाय. कांद्याच्या गोणीचा धागा वाटावा असा.

सासूबाईंनी माझं पोट निरखून पाहिलं. "टाका न्हाई, मग ऑपरेशन कसलं? भाकरी टाकायला बस."

राग आला? आला असावा. "खोकल्यावर गळायचं, त्यासाठी बसवलेली पट्टी ही," म्हणत बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ. मग दार लोटलं.

"हिच्यानं गळायचं थांबलं व्हतं का गं?"

"थांबलं होतं. आता परत गळेल कदाचित."

बाटली काही खाली ठेवेनात. "येता-जाता लुगडं बदलते मी. का, ते कधी इचारलंस?"

नाही विचारलं. एवढी वर्षं एका घरात.

भाकरी त्यांनीच टाकल्या.