रेवाची आंघोळ

७ नोव्हेंबर ९४, सोमवार
काल बारसं झालं. नाव ठेवलं रेवा. राहतो रामघाटावर, खाली गंगा, आणि पोरीला नाव नर्मदेचं! वंदना म्हणाली, "आई, छोटं आहे, म्हणायला सोपं." बरं बाई. सुनेशी कोण भांडणार. पण नात काय आहे, काय सांगू! जावळ एवढं की आत्ताच वेणी घालावी. मूठ अशी घट्ट मिटते, जशी काही कुणाची वस्तू उचलून आणलीय.
आज मात्र डोकं फिरलं. पाट मांडला, पाणी तापवलं, डाळीचं पीठ सायीत कालवलं, पाय पसरून बसणार तोच मुकुंद (यापुढे नुसतं मु., बोटं दुखतात) म्हणतो, "आई, तू राहू दे. मालिशवाली ठरवली आहे." पोटच्या पोराने हे म्हणावं! जनाना इस्पितळात एकतीस वर्षं आया होते मी. अर्ध्या बनारसची पहिली आंघोळ या पायांवर झाली. म्हणतो, "तू रिटायर आहेस ना? आराम कर." रिटायर सरकारने केलं. नातीने केलं का?

८ नोव्हें.
आली ती. फुलमती नाव. खिशातून, म्हणजे कमरेतून, शिशी काढली. सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल! बाळ आहे की लोणचं? मी म्हटलं खोबरेल घे. तर हसते. "माताजी, आप राम-राम करा. आपन घुटना देखा."
माझे गुडघे हिला काय करायचे.
बाळाला खटियेवर चोळलं, ओल्या फडक्याने पुसलं, झालं. याला आंघोळ म्हणतात? पायांवर पालथं घ्यावं, पाठीवर कढत कढत पाणी ओतावं, मग उताणं करावं, मानेखाली हात, नाक ओढावं, शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यावी, की पोर तीन तास हलत नाही. रेवा पंधरा मिनिटांत उठून रडायला लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० नोव्हें.
मालिश आता छतावर, उन्हात. मला काम दिलंय, काठी घेऊन माकडं हाकलायची. एकतीस वर्षांची नोकरी, आणि शेवटी माकडांची चौकीदार. मोठ्या माकडाने फुलमतीची फणी पळवली. मी बघत होते. काठी उचलायला जरा उशीर झाला.
रात्री मु.ला म्हटलं, वंदनाला आई नाही, ग्वाल्हेरहून कोण येणार शिकवायला? माझ्याकडूनच शिकेल ना ती? तो म्हणाला, "आई, परवा तुझ्या हातून चहाचा कप पडला. तसं काही झालं तर?"
कपाला कान नव्हता. मी काय करू.

१२ नोव्हें.
सगळे बाळाला टोचायला घेऊन गेले. घरात मी एकटी. आता मी काय केलं ते कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. बाजारातला दुधी भोपळा आणला होता, रेवाएवढाच, वजनालाही तसाच. म्हटलं दाखवतेच. पाटावर बसले, पाय पसरले, दुध्याला तेल चोळलं, पालथा घातला, पाणी ओतलं. पाठ छान झाली. उताणा करताना उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि
फरशीवर. दोन तुकडे.
लुगडं ओलं. उठताही येईना, भिंत धरून उठले.
संध्याकाळी भाजी केली. मु. म्हणाला, "आई, आज दुधी फर्स्टक्लास झालाय." मी जेवले नाही. एकादशीचं निमित्त केलं. एकादशी उद्या.

१५ नोव्हें.
गल्लीत एक बाई पाया पडली. "अम्मा, हमरे तीनों लइका के आप ही नहलाए रहीं." तिघेही लेक, आता मिशीवाले, मागे उभे. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, दोनदा. मग माझ्या हाताचा राग आला. एवढं केलं तुझं, तेल लावलं, शेकलं, आणि ऐन वेळेला असा वागतोस?

१८ नोव्हें., पौर्णिमा
कार्तिकी पौर्णिमा. पंचगंगा घाटावर पाय ठेवायला जागा नाही म्हणे. फुलमती गंगास्नानाला, येणार नाही. मु. ड्युटीवर.
वंदना बाळाला घेऊन माझ्यासमोर उभी. "आई, आज तुम्हीच घाला. मी यांना सांगत नाही."
अकरा दिवस याचीच वाट बघत होते मी. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि दुसरंच निघालं. म्हटलं, "तू बस पाटावर."
"मी? मला नाही येणार, आई. माझ्या हातून सटकली तर?"
"माझ्या हातून सटकेल. तुझ्या नाही." सांगून टाकलं. हाताचं सगळं सांगितलं. तिने साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पाय पसरले. मी डाव्या हाताने लोटा धरला.
रडली रेवा! घाट दणाणला असेल. मग पाणी पाठीवर पडलं तशी एकदम गप्प. डोळे मिटले. सूनच रडायला लागली. म्हणाली, "माझ्या आईनेपण असंच घातलं असेल ना मला?" म्हटलं, असंच. मी काय पाहिलंय? पण असंच.
तीन तास दहा मिनिटं झोपली. घड्याळ लावून बसले होते.

१९ नोव्हें.
फुलमती खालून हाका मारतेय, "बहूजी, ऊपर आईं?" मु.ला अजून काही माहीत नाही. वंदनाने खाली उत्तर दिलं नाही, सरळ पाटावर जाऊन बसली. मी जवळ गेले, मानेखालचा हात चुकत होता, सांगणार नाही का? तर मलाच म्हणते, "आई, जरा मागे सरा. बाळावर सावली पडते तुमची."
मला! एक दिवस झाला शिकून!
सरकले मागे. लोटा मात्र सोडला नाही. फुलमती जिना चढतेय.