मूळ गावाचा रकाना

ॲन आर्बर, शनिवार, २१ सप्टेंबर १९९६

चूक माझीच. इथल्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी मी, सभासदत्वाचा फॉर्म मी केला, आणि त्यातला ‘मूळ गाव’ हा रकानाही माझ्याच हौसेचा. दिनेश नावाच्या नव्या स्टुडंटनं तो कोरा ठेवला होता. मॉरिशसहून आलाय म्हटल्यावर मी त्याला आज गणपतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांत बसवलं. वर इंग्रजीत विचारलं, मोदक माहीत आहेत का. काय हे.

मग गणपतीसमोर त्यानं गोल फिरत, पाय आपटत नाच केला. त्यांच्याकडे त्याला झाकरी म्हणतात. मुलाकडे राहायला आलेल्या रत्नागिरीच्या राणे काकू ताडकन उठल्या. "अरे, ही तर आमची जाखडी," म्हणाल्या, आणि पदर खोचून त्याच्यामागे नाचायला लागल्या. आम्ही नागपूर-पुण्याची मंडळी नुसती बघत राहिलो.

नंतर त्याला विचारलंच, रकाना कोरा का?

"खापरपणजोबा उसाच्या मळ्यात मजुरीला जहाजातून गेले, ताई. त्यांचं गाव आम्हाला ठाऊक नाही. माझं गाव मॉरिशसलाच आहे, पीएचडी झाली की परत जाणार. पण वाटलं, इथे महाराष्ट्रातलंच गाव चालतं."

मलाही तसंच वाटत होतं की. घरी येऊन त्याच्या रकान्यात ठसठशीत ‘मॉरिशस’ लिहिलं. कमिटीत कुणी काही बोललं तर बघून घेईन.

त्याखालचा फॉर्म माझ्या लेकीचा, सोनलचा निघाला. जन्म इथला, नागपूर दोनदाच पाहिलेलं, आणि रकान्यात माझ्या अक्षरात ‘नागपूर’. मी ते खोडलं. उद्या पेन तिच्याच हातात देणार.